खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी जैविक फिल्टर निवडताना

फिल्टर मीडियाच्या (म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या साहित्याच्या) जवळजवळ प्रत्येक पाकिटावर पृष्ठफळाचा एक भलामोठा आकडा छापलेला असतो आणि नवा माणूस त्या आकड्यांची तुलना करत बसतो. त्या तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही. जैविक फिल्टर म्हणजे माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू. या जिवाणूंना दगड, वाळू, स्पंज, प्लास्टिक, काच, काहीही चालतं आणि घरगुती टाकीत त्यांना जागा सहसा कमी पडत नाही. कमी पडतो तो प्राणवायू आणि वाढत जातं ते नायट्रेट. म्हणून फिल्टर निवडताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. नायट्रेट कोणत्या वाटेने बाहेर काढणार? मीडियात साचलेला गाळ किती सहज निघेल? आणि वीज गेली की हा फिल्टर कसा वागेल?

आधी खाद्याचा हिशेब

फिल्टरवरचा भार माशांच्या संख्येवर कमी आणि टाकलेल्या खाद्यावर जास्त ठरतो. मत्स्यशेतीत वापरतात ते सोपं सूत्र इथेही चालतं: खाद्याचे ग्रॅम गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे अमोनियाच्या रूपात सुटणाऱ्या नायट्रोजनचे ग्रॅम. समजा टाकी २०० लीटरची आहे आणि रोज ४५ टक्के प्रथिनांचं २ ग्रॅम सुकं खाद्य जातं. मग २ × ०.४५ × ०.०९२ = ०.०८३ ग्रॅम नायट्रोजन. तो २०० लीटरमध्ये पसरला की दिवसाला साधारण ०.५ पीपीएम (म्हणजे लीटरला ०.५ मिलिग्रॅम) अमोनिया होतो. सगळा नायट्रेटपर्यंत गेला तर रोज १.८ पीपीएम, महिन्याला ५५ पीपीएमच्या आसपास नायट्रेट.

आता यावर फक्त पाणी बदलून भागवायचं म्हटलं तर? आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही नायट्रेट १३० पीपीएमच्या घरात जाऊन स्थिरावेल, कारण आठवड्यात १३ वाढतं आणि दर वेळी फक्त दहावा हिस्सा बाहेर जातो. प्रत्यक्षात शेवाळ, दगडाच्या आतले जिवाणू आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) मिळून बराच नायट्रोजन उचलतात, त्यामुळे आकडा इतका वर जात नाही. पण दिशा हीच. आपल्या टाकीचा हा हिशेब खरेदीपूर्वी एकदा कागदावर मांडा. गोठवलेलं खाद्य वापरत असाल तर पाकिटावरची प्रथिनांची टक्केवारी ओल्या वजनावरची असते, तीच धरा.

नुसते मासे असलेल्या टाकीत नायट्रेट ४०-५० पीपीएमच्या खाली राहिलं तरी बहुतेक जाती नीट राहतात. प्रवाळ ठेवायचे असतील तर ते २ ते १५ च्या दरम्यान हवं. पुढची सगळी निवड या एका आकड्याभोवती फिरते. पाणी तपासायच्या किटवर नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' दिलं असेल तर आकड्याला ४.४ ने गुणा. या गफलतीमुळे अनेक जण आपली टाकी स्वच्छ आहे असं समजून बसतात.

खाऱ्या पाण्यात वेगळं काय

अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच एक अंकाने चढला की तो साधारण दहापट होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच ७ ला निभावून जाणारा अमोनिया इथे मासे मारतो. नायट्राइटचं उलट आहे. पाण्यातला क्लोराइड ते माशांच्या कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यात नायट्राइट दिसलं की घाबरून औषधं ओतण्याचं कारण नाही.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो आणि २६ अंशांच्या समुद्रपाण्यात तो मावतो फक्त लीटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. हवेशी संबंध तुटलेला बंद फिल्टर इथे लवकर गुदमरतो तो यामुळे.

दगड

बहुतेक टाक्यांसाठी सच्छिद्र दगड हाच पहिला पर्याय धरावा. त्याच्या पृष्ठभागावर, जिथे प्राणवायू पोचतो तिथे, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होतं. खोल छिद्रांत प्राणवायू संपतो आणि तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू हवेत सोडतात. एकाच वस्तूत दोन्ही टोकं सांभाळली जातात. सोबत चांगला स्किमर दिला की झाली बर्लिन पद्धत, जी आजही मोडीत निघालेली नाही.

प्रमाण: १०० लीटरला साधारण १० किलो. दगड हलका आणि भोकाभोकांचा असेल तर ७-८ किलो पुरतो, घट्ट आणि जड असेल तर १५ किलोही कमी पडतो. म्हणून किलोपेक्षा दगड हातात घेऊन पाहा. मुठीएवढा तुकडा दिसतो त्यापेक्षा हलका लागला पाहिजे आणि त्यावर टाकलेलं थेंबभर पाणी आत मुरलं पाहिजे. रचना भिंतीसारखी लावू नका. दगडांच्या मागून आणि खालून पाणी वाहायला हवं, नाहीतर तिथे गाळ बसतो आणि दगडाचा तो भाग फिल्टर म्हणून बाद होतो. टाकीत एकूण प्रवाह तासाला टाकीच्या १० ते २० पट ठेवा, त्यातला बराचसा वेव्हमेकरकडून (टाकीच्या आत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाकडून).

समुद्रातून आलेला जिवंत दगड जिवाणू सोबत घेऊन येतो, त्यामुळे टाकी लवकर तयार होते. पण त्याच्याबरोबर आयप्टेशिया (डंख मारणारं समुद्रफूल), मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा शिकारी प्राणी) असे नको असलेले पाहुणेही येतात. असा दगड आणला की थेट मासे असलेल्या टाकीत कधीही टाकू नका. वेगळ्या टबात खारं पाणी, पंप आणि हीटर लावून अंधारात ठेवा. पहिल्या काही दिवसांत मेलेल्या स्पंजवर राखाडी, तारेसारखी ओढली जाणारी बुळबुळीत साय चढते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो भाग ब्रशने घासून काढा, पाणी बदला आणि अमोनिया शून्यावर येऊन तिथेच राहीपर्यंत हे चालू ठेवा. कठीण प्रवाळांपासून बनलेल्या जिवंत दगडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या करारानुसार नियंत्रित आहे. किनाऱ्यावरून दगड उचलून आणणं तर टाळाच.

सुका दगड स्वस्त, कीटकमुक्त आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही बरा. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण जिवाणू शून्यापासून वाढवायचे असतात. काही सुके दगड जुना फॉस्फेट महिनोन्‌महिने सोडत राहतात. आठवडाभर पाण्यात भिजवून त्या पाण्याचा फॉस्फेट तपासला की हे आधीच कळतं. आम्ही नव्या टाकीसाठी सुका दगड घेऊन त्यात दोन-तीन जिवंत तुकडे मिसळणं पसंत करतो.

दगड पुरत नसेल किंवा नको असेल तेव्हा

सिरॅमिकच्या नळ्या किंवा सिंटर्ड (तापवून सच्छिद्र केलेल्या) काचेचे ठोकळे सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, ठेवणं हा दगडाला सर्वांत सरळ जोड. टाकीत पोहायला जागा मोकळी राहते आणि मीडिया काढून धुता येतो. ते फिल्टर सॉकच्या (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीच्या) पुढे, म्हणजे गाळलेल्या पाण्यात ठेवा. सम्पमधून तासाला टाकीच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं तरी पुरे. त्याहून वेगाने जिवाणूंचं काम वाढत नाही, फक्त बुडबुडे आणि आवाज वाढतो.

लायनफिश, ट्रिगर, पफर, ईल असे भरपूर खाणारे, घाण करणारे मासे असतील तर ट्रिकल फिल्टरचा गंभीरपणे विचार करा. यात बायोबॉल्स (प्लास्टिकचे पाकळ्यांचे गोळे) पाण्याच्या वर, हवेत असतात आणि पाणी त्यांच्यावरून ठिबकतं, त्यामुळे प्राणवायूची चिंता राहत नाही. वीज गेली तरी ओलसर बॉल्सवरचे जिवाणू हवेतून प्राणवायू घेत तग धरतात. बायोबॉल्स नायट्रेटचा कारखाना म्हणून बदनाम आहेत, आणि त्यात अर्धंच तथ्य आहे. अमोनियापासून तेवढंच नायट्रेट बनतं, मग मीडिया कोणताही असो. फरक दोन ठिकाणी पडतो. बायोबॉल्समध्ये प्राणवायूविना भाग नसल्याने नायट्रेट पुढे वायूत जात नाही, आणि वर गाळणी नसेल तर त्यांच्या पाकळ्यांत तपकिरी गाळ अडकून कुजत राहतो. म्हणून ठिबक-ताटाच्या वर फिल्टर फ्लॉस (कापसासारखी गाळणी) ठेवा आणि तो दर ३-४ दिवसांनी बदला. ताटाची भोकंही महिन्यातून एकदा पाहा. क्षार आणि शेवाळाने निम्मी बुजली की पाणी एकाच बाजूने उतरतं आणि उरलेले बॉल्स कोरडे पडतात. बाहेरून पाहता फिल्टर व्यवस्थित चालल्यासारखाच दिसतो.

बायोबॉल्स काढायचे ठरवलं तर एका दिवसात काढू नका. दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा, आणि प्रत्येक वेळी तीन दिवस अमोनिया तपासणं.

कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा, लहान टाकीला चालतो, पण तो शिस्त मागतो. पहिला स्पंज दर दोन आठवड्यांनी धुवा, मीडिया दोन-तीन महिन्यांनी आणि तोही एका वेळी निम्माच, टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात. नळाखाली धुतला तर क्लोरीन आणि गोडं पाणी मिळून त्यावरचे जिवाणू मारतात. वीज गेली की बंद डब्यातला प्राणवायू लवकरच संपतो. दोन-तीन तासांहून जास्त वेळ बंद राहिला असेल तर तो तसाच सुरू करू नका. डबा उघडा, आतलं पाणी फेकून द्या, मीडिया खाऱ्या पाण्यात विसळा आणि मगच जोडा. सडका वास असेल तर ते पाणी टाकीत जाता कामा नये.

फ्लुइडाइज्ड सँड फिल्टर (पाण्याच्या जोराने वाळू उसळती ठेवणारा) छोट्या जागेत प्रचंड काम करतो आणि वीज गेल्यावर सर्वांत आधी मरतो. बसलेल्या वाळूत प्राणवायू राहत नाही. अखंड वीज असेल तिथेच तो घ्यावा.

अंडरग्रॅव्हल फिल्टर (खडीखाली जाळी बसवलेला) आता टाळा. त्याच्या जाळीखाली काय साचलंय ते टाकी मोडल्याशिवाय दिसत नाही.

वाळूच्या बाबतीत मधली जाडी सर्वांत त्रासाची. एकतर ३ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा आणि पाणी बदलताना सायफनने साफ करा, किंवा बारीक अॅरागोनाइटचा (चुनखडीसारख्या वाळूचा) १० ते १५ सेंटीमीटरचा थर द्या आणि त्याला हात लावू नका. जाड थराच्या तळाशी नायट्रेट संपवणारे जिवाणू वाढतात, पण तिथेच विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूही बनतो. वर्षभराने दगड हलवताना तो थर उकरला गेला तर एका रात्रीत टाकी जाऊ शकते. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा आणि मग वाळू ओता. सतत उकरणारे मासे असतील तर जाड थराचा नाद सोडा.

नायट्रेटची वाट

दगड आणि पाणी बदलणं एवढ्यावर आकडा आवाक्यात येत नसेल, तर आधी स्किमर मोठा करा. तो विष्ठा आणि खाद्याचे अवशेष कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो, म्हणजे जैविक फिल्टरवरचं ओझंच कमी होतं. त्यानंतर रेफ्युजियम: सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा शेवाळ, त्यावर रोज १२ ते १६ तास दिवा, शक्यतो टाकीचा दिवा बंद असताना, म्हणजे रात्री पीएच फार उतरत नाही. शेवाळ वाढलं की निम्मं काढून टाका. काढलंच नाही तर नायट्रोजन टाकीतच राहतो. फॉस्फेट अगदी शून्य असेल तर शेवाळ वाढत नाही आणि नायट्रेट जागचं हलत नाही. 'रेफ्युजियम चालत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हे निघतं.

व्होडका किंवा व्हिनेगर घालून नायट्रेट उचलणारे जिवाणू वाढवण्याची पद्धत परिणामकारक आहे, पण चांगल्या स्किमरशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. वाढलेले जिवाणू प्राणवायू ओढतात. सुरुवात १०० लीटरला दिवसाला ०.१ मिलिलीटर ४० टक्के व्होडकाने, आणि वाढ आठवड्याच्या हिशेबाने. पाणी दुधाळ झालं की डोस थांबवा, हवेचा दगड (हवापंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन) लावा. सल्फर डीनायट्रेटर (गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंकडून नायट्रेट संपवणारं यंत्र) मोठ्या, फक्त माशांच्या टाक्यांसाठी ठीक. त्यातून येणारं पाणी आम्ल असतं, म्हणून ते अॅरागोनाइटच्या नळीतून घेऊनच टाकीत सोडतात.

आणि क्षारतेकडे, म्हणजे पीएच टिकवून धरण्याच्या पाण्याच्या ताकदीकडे, लक्ष ठेवा. नायट्रेट ५० पीपीएमने वाढतं तेव्हा साधारण २.३ डीकेएच (क्षारतेचं एकक) क्षारता खर्ची पडते. भरपूर खाद्य जाणाऱ्या टाकीत डीकेएच ७ च्या खाली घसरत गेली की पीएचही मागोमाग येतो आणि जिवाणूंचा वेग मंदावतो. खाण्याच्या सोड्याने ती भरून काढता येते, दिवसाला १ ते १.५ डीकेएचपेक्षा जास्त नको.

फिल्टर तयार करणं

नव्या टाकीत मासा सोडून त्याच्या अमोनियावर जिवाणू वाढवायची पद्धत सोडून द्या. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, वापरा. तो प्रयोगशाळेच्या दर्जाचा असावा. झाळकामाचा किंवा इतर वापराचा नवसागर अशुद्ध असतो.

१. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, आणि तापमान २६-२७ अंश करा. पंप, वेव्हमेकर चालू. स्किमर, यूव्ही आणि दिवे बंद. दिवा लावलात तर फक्त शेवाळ वाढेल.

२. एक लीटर आरओ पाण्यात १० ग्रॅम नवसागर विरघळवा. या द्रावणाचे ६३ मिलिलीटर १०० लीटर पाण्यात अमोनिया २ पीपीएमवर नेतात. दगड-वाळूने जागा व्यापल्यामुळे २०० लीटरच्या टाकीत पाणी १७० लीटरही असू शकतं, म्हणून आधी थोडं कमी घाला, तासाभराने तपासा आणि मग उरलेलं. ४-५ पीपीएमच्या वर जाऊ नका, पुढच्या टप्प्याचे जिवाणू त्यात अडकून पडतात.

३. बाटलीतले जिवाणू घालणार असाल तर मुदत पाहा आणि ती बाटली उन्हात किंवा गरम गाडीत राहिलेली नाही ना याची खात्री करा. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा यांसारखे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे सुक्या भुकटीतून ते जिवंत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. रोगमुक्त जुन्या खाऱ्या टाकीतला स्पंज मिळाला तर तो बाटलीपेक्षा खात्रीचा. गोड्या पाण्याच्या फिल्टरमधला मीडिया उपयोगाचा नाही.

४. एक दिवसाआड अमोनिया तपासा. तो अर्ध्या पीपीएमच्या खाली गेला की पुन्हा २ वर आणा. मधल्या काळात नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस चढलेलंच राहील. तोवर नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण बहुतेक किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मोजतात आणि आकडा फुगतो.

५. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, की फिल्टर तयार. वरच्या उदाहरणातल्या टाकीच्या रोजच्या भाराच्या हे चौपट आहे, म्हणजे हाताशी भरपूर सवड आहे.

सुक्या दगडाला यासाठी साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. प्रत्येक २ पीपीएम डोसमागे ७ पीपीएम नायट्रेट जमतं आणि ०.६-०.७ डीकेएच क्षारता जाते. प्रक्रिया मध्येच अडली तर आधी डीकेएच तपासा. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी निम्म्याहून जास्त पाणी बदला. मासे यायला उशीर असेल तर दर ३-४ दिवसांनी १ पीपीएम अमोनिया देत राहा. एक-दोन माशांनी सुरुवात करा आणि पुढचा मासा दोन आठवड्यांनी आणा, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाद्याइतकीच राहते.

विजेची आणि औषधाची तयारी

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि त्याला जोडलेला एक हवेचा दगड घरात असलाच पाहिजे. वीज गेली की खाद्य पूर्ण बंद. सम्प असेल तर पंप थांबल्यावर टाकीतून खाली उतरणारं पाणी मावेल एवढी जागा त्यात रिकामी ठेवा आणि पाणी भरून झाल्यावर पंपाचा प्लग काढून ते एकदा तपासून पाहा.

विलगीकरणाच्या टाकीत दगड आणि वाळू अजिबात नको, दोन्ही तांब्याचं औषध शोषून घेतात आणि डोस कधीच नीट बसत नाही. तिथे हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो पुरतात. त्यासाठीचा एक जादा स्पंज मुख्य टाकीच्या सम्पमध्ये किमान चार आठवडे आधीपासून ठेवलेला असावा, म्हणजे नवा मासा आला त्या दिवशी फिल्टर तयार मिळतो. मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊन गेला असेल तर त्या सम्पमधला स्पंज वापरू नका, नवसागराने वेगळा स्पंज तयार करा. आणि तांबं लागलेला स्पंज प्रवाळ, कोळंबी किंवा गोगलगायी असलेल्या टाकीत परत टाकू नका.